मूळ यादीला लावलेला हात

दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळे बारीक कण दिसायला लागले की समजावं, कारखान्याचा बॉयलर पेटला. चिपाडाची राख असते ती. हलकी, जळालेल्या कागदाच्या चुऱ्यासारखी. बोटानं पुसायला गेलात की पसरते आणि डाग धरते. चादर दोन्ही टोकांना धरून झटकायची असते. चाळीस वर्षं झाली मला हे माहीत असून, तरी दर वर्षी पहिला कण दिसला की बोट आपसूक पुढं जातंच.

परवा तसंच झालं. आकाशकंदील अजून उतरवलेला नव्हता. खालच्या रस्त्यावरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या गाण्याच्या दणक्यानं खिडकीची काच थरथरली, मागं पडलेल्या दोन कांड्यांकडे शेजाऱ्यांची शेळी पळाली. हवेत मळीचा तो आंबूसगोड वास. हंगाम सुरू झाला म्हणायचं. आणि मी गच्चीत चादर हातात धरून उभी होते, ती एकदम खाली बसले. लाज वाटली म्हणून. माझ्या लाजेलाही हंगाम आहे, काय सांगू तुम्हाला. उन्हाळ्यात ती जरा पडून असते, पावसात विसरल्यासारखी होते, आणि ऊस तोडायला आला की उठून बसते.

माझ्या भाच्याची बायको मागच्या वर्षी पुण्याहून आली होती. रस्त्याच्या कडेला तुरा आलेला ऊस बघून तिनं गाडी थांबवायला लावली. पांढरेशुभ्र तुरे, त्यातून तिरपं ऊन, वारा आला की सगळा फड एका बाजूला झुकतो. सुंदर दिसतं, नाही कशाला म्हणू? तिनं मला पुढं उभं केलं, म्हणाली, "मावशी, हसा ना!" त्या फोटोत मी खाली बघते आहे. ज्याच्या शेतात ऊस आहे त्याला विचारा तुरा म्हणजे काय ते. तुरा म्हणजे वेळ निघून गेली. आता कांडं आतून पोकळ होणार, दशी पडणार, वजन उतरणार. वेळेवर ऊस तोडणाऱ्यांची टोळी आली असती तर तो तुरा दिसलाच नसता. आणि एका गावात एका हंगामात टोळी वेळेवर आली नाही, ती माझ्यामुळं.

माझं माहेर पाटोद्याकडचं. तिकडं हंगाम म्हणजे गाव रिकामं होणं. दसरा झाला की टोळ्या निघायच्या, ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं. शाळेत माझ्या बाकावर आम्ही तिघी बसायचो, दिवाळीनंतर मी एकटीच उरायचे. त्यामुळं पाळी हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. टोळीनं आज कोणाच्या फडात उतरायचं ती पाळी. कोणाचा ऊस आधी जायचा ती पाळी. ज्यानं आधी लावला त्याचा आधी जायचा, इतका सरळ न्याय. त्या न्यायावर माणसं वर्षभर गप्प बसतात. एवढं सगळं मला ठाऊक होतं. अज्ञानातून झालं असंही म्हणायची सोय नाही.

मी काही शिकलेली इंजिनिअर वगैरे नाही. अंबाजोगाईत टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. मशीन गेली, कॉम्प्युटर आले, मालक म्हणाले, "बाई, आता काय?" मी म्हटलं, शिकते. एक जाड पुस्तक आणलं, शेजारी डिक्शनरी घेतली, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता जावा शिकले. कॉम्प्युटरला काम सांगायची ती भाषा. पुढं वीस-बावीस वर्षं तीच शिकवली. अर्ध्या गावाची पोरंपोरी माझ्या हाताखालून गेली. रस्त्यात कुणीही "बाई!" म्हणून पाया पडायला वाकतं. याचा माणसाला थोडा माज येतो. तो दिसत नाही, आपण साधेच राहतो, सुती साडी, पायात चपला; पण आत येऊन बसलेला असतो.

प्रज्ञा त्यातलीच एक. तिचे वडील मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. पहिल्या बाकावर बसायची, वही अशी स्वच्छ की तपासताना लाल पेन टेकवायला जीव होऊ नये. पुण्याला नोकरीला लागली आणि ऑफिसं बंद झाली तेव्हा लॅपटॉप घेऊन घरी आली ती इथंच राहिली, वरच्या खोलीतून काम करते. माझा क्लास तेव्हाच बंद पडला होता. एक दिवस आली.

"बाई, घरी बसून कंटाळला असाल."

"कंटाळायला उसंत कुठंय? तुझे काका रोज अख्खा पेपर वाचून दाखवतात मला. मोठ्यानं. छोट्या जाहिरातींसकट."

"आमच्याकडं काम आहे. साखर कारखान्यांचं, तोडणीचं नियोजन. पण जावात नाही, बाई. स्कालात."

"ती आणि कोण?"

"जावाची धाकटी जाऊ समजा. त्याच घरात राहते, चूल वेगळी."

इतकं हसले मी. आणि हो म्हटलं. साठी उलटलेल्या बाईला कुणी काम विचारतंय, ते पण आपल्याच हाताखालची पोर. मी तर हवेत होते.

आता स्काला म्हणजे काय ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझी चूक कळायची नाही, तर जरा ऐकून घ्या. अवघड नाही. जावात आमची सवय अशी की एक डबा घ्यायचा, त्यावर नाव लिहायचं, आणि त्यात आत्ता हे, मग ते, मग आणखी काही असं भरत जायचं. डबा तोच, आतलं बदलतं. यादी घेतली की पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेकावर बोट ठेवत जायचं, त्याला लूप म्हणतात, लागेल तसं खोडायचं, हलवायचं. स्कालाची रीत वेगळी. तिथं एकदा ठेवलं ते ठेवलं. त्यात बदल हवा असेल तर त्याच्यापासून दुसरं नवं करायचं, जुनं आहे तसंच राहू द्यायचं. एकेकावर बोट ठेवायचं नाही. सगळ्यांचं काय करायचंय ते एकदाच म्हणायचं. बेरीज करायची असेल तर गोधडी शिवल्यासारखी: हातात रिकामं अस्तर घ्यायचं आणि तुकड्याला तुकडा जोडत न्यायचं, शेवटी हातात उरेल ते उत्तर. आणि एखादी गोष्ट नसण्याची शक्यता असेल तर ते आधीच मोकळेपणी सांगायचं, की असेल किंवा नसेल. जावात आम्ही नसलेल्या गोष्टीवरही खुशाल नाव टाकून ठेवायचो आणि मग ऐन वेळी पाय खड्ड्यात.

मला हे ऐकायला आवडलं. लिहायला मात्र जमेना. खरं तर मी जमवलंच नाही. कारण स्कालाची एक गोम आहे, ती तुम्हाला जावासारखं लिहू देते. काही बोलत नाही. जुने डबे, जुन्या याद्या, सगळं त्या घरातून उचलून या घरात आणता येतं, वर एक ओळ लिहिली की झालं. मी तसंच आणलं. माझं स्काला म्हणजे नऊवारी नेसून वर कोट घातलेला. चालत होतं. मी रोज चार वाजता चहा घेऊन बसायची आणि पोरांच्या दुप्पट वेगानं लिहायची. वेगाचा तर मला फार अभिमान.

गट कार्यालयाला, म्हणजे कारखान्याचं दहाबारा गावांमागं एक असतं त्या कार्यालयाला, रोज सकाळी गाववार यादी छापून हवी होती. कुठल्या गावात कोणाचा किती ऊस उभा आहे, गावांच्या नावांच्या क्रमानं. आमच्याकडं यादी होती ती लागणीच्या तारखेच्या क्रमानं, आणि त्याच यादीच्या डोक्यावरून नावं घेऊन टोळ्यांना पाळी दिली जायची. मी काय केलं, तीच यादी घेतली, गावांच्या नावानं लावली, छापली. तीच. नवी केली नाही. जावातली जुनी यादी वापरलेली, ती जागच्या जागी उलटीपालटी होते. छापायचं काम झालं, पण मूळ यादीचा क्रम गेला तो गेला. पुढं पाळी देणारं काम त्याच यादीच्या डोक्यावरून नावं घेत राहिलं. आता डोक्यावर आधी लावलेले नव्हते, अ-आ वाली गावं होती. आणि स, ह ही गावं पार तळाला.

तपासताना मला दिसलं नाही, कारण तपासायला मी एकाच गावच्या नोंदी घेतल्या होत्या. एका गावात गावांचा क्रम काय लागणार?

पण प्रज्ञाला दिसलं. आमच्यात एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचं असतं. तिनं माझ्या ओळीशेजारी लिहिलं, "बाई, इथं मूळ यादी बदलतेय का? नवी यादी करून घ्या ना, एका शब्दाचं काम आहे." मी फोनच लावला.

"चालतंय ना?"

"चालतंय, पण बाई..."

"मग? तुला लूप म्हणजे काय ते कुणी शिकवलं गं?"

हसत म्हणाले मी. हसत. पलीकडं ती पण हसली. "तुम्हीच, बाई," म्हणाली, आणि मंजूर करून टाकलं.

दुसऱ्या कुणाला तिनं असं सोडलं नसतं. पुण्याच्या पोरांना ती चार-चार वेळा परत पाठवायची, मला माहीत होतं. पण आपल्याकडं बाईंना दोनदा कोण टोकतं? ज्या पोरीनं माझ्या पाया पडून नोकरीचे पेढे दिले, तिला मी त्याच पायांनी अडवलं. असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, चला, काम झालं, भाजी टाकू.

त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. मला त्या दिवसांतलं सगळं लख्ख आठवतं. हुरड्याचं आमंत्रण आलेलं, गव्हाच्या शेताला दिलेल्या पाण्याचा वास, आमच्या ह्यांनी काढलेली जुनी माकडटोपी. संक्रांतीच्या हलव्याला काटा येईना म्हणून मी रागावलेली. आणि रोजच्या आमच्या बैठकीत, म्हणजे पडद्यावरच्या, कारखान्याकडून येणारी तक्रार: अमक्या गावची माणसं ओरडतायत, त्यांचा आधी लावलेला आडसाली ऊस उभा आहे आणि शेजारच्या गावचा नंतर लावलेला गेला. गावाचं नाव ह वरून. मी ते नाव इथं लिहीत नाही, गाव लहान आहे.

"प्रत्येक गावाला वाटतं आपणच मागं," मी म्हणाले. म्हणजे बोलले मी ते, सगळ्यांसमोर. पुढं असंही म्हणाले, "लागणीच्या तारखा नीट टाकल्या आहेत का बघा म्हणावं. नोंदीच चुकीच्या असतील तर कॉम्प्युटर काय करणार?"

त्या नोंदी टाकणारा माणूस म्हणजे सोपानराव. त्या गटाचा शेतकी मदतनीस, पन्नाशीचा. वडील मेंढरं राखायचे, घरात हातात वही आलेला हा पहिला. मी त्यांना तोवर एकदाच पाहिलं होतं, काम समजून घ्यायला कारखान्यावर गेलो होतो तेव्हा. कोणत्या बांधाला कोणतं झाड आहे इथपर्यंत त्यांना पाठ. मला म्हणाले होते, "बाई, ह्या मोबाइलात तारीख टाकायच्या आदी मी उसाला ईचारतो. कांडं मोजली की खरं कळतं. मालक खोटं बोलंल, कांडं न्हाई बोलत." मी ते घरी येऊन ह्यांना सांगितलं होतं, कौतुकानं.

माझं वाक्य पडद्यावरून कारखान्यात गेलं. वरून खाली जाताना वाक्य जड होत जातं. नोंदी चुकीच्या असतील, मग नोंदी चुकीच्या आहेत, मग सोपाननं चुकीच्या टाकल्या, मग वशिला लावून टाकल्या. आठ दिवसांत सोपानरावांना गटावरून काढून कारखान्याच्या यार्डात, उसाच्या गाड्या थांबतात तिथं, बसवलं, ट्रॅक्टरला नंबराच्या चिठ्ठ्या बांधायला. आणि कळलं ते असं की ते गाव त्यांचं स्वतःचंच. म्हणजे स्वतःच्या गावाला मागं टाकून दुसऱ्याची पाळी पुढं ओढली, असा त्यांच्यावर बोल आला. गावात राहून असा बोल अंगावर घेऊन चालायचं म्हणजे काय, ते ज्याला गाव आहे त्याला कळेल.

चूक मला सापडली ती एका दुपारी. कुणी सांगितलं नाही, शोधायलाही बसले नव्हते. ऊन अंगावर घेत शेंगदाणे सोलत होते, समोर छापलेल्या दोन याद्या होत्या. दोन्हींचा क्रम सारखा. मी म्हटलं, असं कसं, एक गावांची, एक तारखांची. सालपटं मांडीवर तशीच राहिली. माझी ती ओळ डोळ्यांपुढं आली आणि तिच्या शेजारी प्रज्ञानं लिहिलेलं. एका शब्दाचं काम.

तेव्हा काय करायचं असतं ते लहान लेकरालाही माहीत आहे. फोन उचलायचा. मी उचलला नाही.

मी लिहायला बसले. चार दिवस बसले. आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं स्काला लिहिलं. सगळे जुने डबे काढून टाकले. मूळ यादीला हात लागणार नाही अशी बांधणी केली. गाववार हवी तर तिच्यापासून वेगळी नवी यादी. ज्या नोंदीला तारीख नाही तिथं "असेल किंवा नसेल" असं सरळ म्हटलं. जिथं मी वीस ओळींत बोट फिरवत होते, तिथं तीन ओळी झाल्या, आणि त्या वाचल्या की ऐकल्यासारख्या वाटायच्या. इतके दिवस जे जमत नव्हतं ते त्या चार दिवसांत हातातून नुसतं झरत होतं. भीतीनं. आनंदही होत होता, हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. यार्डात एक माणूस माझ्या नावची धूळ खात बसला होता आणि मी इथं, वा, काय सुरेख झालं, म्हणून स्वतःवर खूश.

वर बदलाचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "किरकोळ साफसफाई."

प्रज्ञानं ते वाचलं. संध्याकाळी तिचा निरोप आला, "बाई, छान. आता तुम्ही खरंच स्काला लिहायला लागलात."

वीस वर्षं मी पोरांना शाबासकी दिली, पण शाबासकीनं माणसाला असं मारता येतं हे मला माहीत नव्हतं. मी नमस्काराचं चित्र पाठवलं आणि देवापुढं दिवा लावायला गेले. काडी लागेना.

पाळ्या दुसऱ्या दिवसापासून सुधारल्या. पण तोवर त्या गावाच्या फडांना तुरा आलेला होता, आणि सोपानराव यार्डातच राहिले. मी स्वतःची समजूत घालायची. म्हणायची, मंजुरीवर प्रज्ञाचं नाव आहे, बोभाटा झाला तर पोरीची नोकरी जाईल. बघा, किती मोठ्या मनाची मी. विद्यार्थिनीसाठी गप्प. हे इतक्या वेळा घोकलं की मलाच खरं वाटायला लागलं. हंगाम संपला, चैत्र आला, गुढीला साखरेची गाठी मी ह्यांना बांधायला लावली. पाऊस आला, गणपती बसले, उठले. मी कुणाला काही बोलले नाही.

आणि पुढच्या दिवाळीनंतर चादरीवर पहिला कण पडला. मी झटकला नाही, पुसला नाही, तशीच प्रज्ञाच्या घरी गेले. तिची आई खाली तांदूळ निवडत होती, म्हणाली, "या बाई, चहा टाकते." मी म्हटलं, "थांब गं, आधी वर जाऊन येते." वर प्रज्ञा कानाला यंत्र लावून कुणाशी तरी बोलत होती. मला बघून तिनं ते काढलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. यादी, ओळ, साफसफाई, सोपानराव.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाई."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. तुम्ही बदललं त्याच्या आधीचं आणि नंतरचं शेजारी-शेजारी दिसतं ना. काही पुसलं जात नाही त्यात."

मला ठाऊक नव्हतं का ते? मीच तर वीस वर्षं पोरांना सांगत आले होते, कॉम्प्युटरपाशी लपवालपवी चालत नाही म्हणून.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही सांगाल. म्हणून तर मी छान लिहिलं. म्हटलं, बाईंनी सुधारलंय, आता सांगतील. रोज वाटायचं, आज सांगतील."

मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. मी तिला लूप शिकवला, याद्या शिकवल्या, आणि ते एक वर्ष मी तिला काय शिकवत होते? तर मोठ्यांनी चूक केली की गप्प बसायचं. हुशार पोर ती, तेही लगेच शिकली.

"आता पत्र लिहू," ती म्हणाली. "दोघींच्या नावानं. मंजुरी माझी होती."

"तुझं नाव नको गं."

"बाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा झाला, "तुम्ही पुन्हा तेच करताय."

पत्र गेलं. तिला बोलणी बसली, नोकरी राहिली. माझं काम त्या महिन्यात संपलं, ते मीच संपवलं. कारखान्यानं सोपानरावांना परत गटावर घ्यायचं ठरवलं. म्हणजे झालं की सगळं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. तरी आम्ही दोघी यार्डात गेलो, समक्ष सांगायला. धूळ अशी की ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं ऐकू यायचं. सोपानराव एका लोखंडी खुर्चीवर, डोक्याला रुमाल, मांडीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मी हात जोडून सांगितलं. त्यांनी चिठ्ठी बांधता बांधता ऐकलं. राग नाही, काही नाही.

"मला कावून सांगता, बाई?" ते म्हणाले. "मी चुकलो न्हाई हे मला ठाव होतंच की. मी उसाला ईचारून तारीख टाकलेली. गावाला ठाव न्हाई. पत्र हापिसात आलं, हापिसातल्यांनी वाचलं. आमचे आबा वरीस झालं पारावर बसाया गेले न्हाईत. गावात येऊन सांगता का?"

मी प्रज्ञाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

गेलो. आदल्या रात्री पाऊस शिंतडून गेलेला, धुळीची चिकट खपली झालेली. पारावर तिघं-चौघं, समोर हापशावर बाया. सोपानराव आबांना, म्हणजे वडिलांना, घेऊन येतो म्हणून घरी गेले. हापशावरची एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्यापुढं उभी राहिली.

"कोण गं माय तुमी? बचत गटाच्या का?"

मी सांगितलं कोण ते. मग यादीचं सांगायला लागले, तर ते काही तिच्या पचनी पडेना. "यादी हाय, मग उलटी कशी झाली? कुनी केली?"

"मी केली, आजी."

"तू? सोपाननं न्हाई?"

"नाही. त्यांच्या तारखा बरोबर होत्या. क्रम मी मोडला."

"आन् वरीसभर गप बसलीस?"

"हो."

तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. मग हापशाकडं वळून हाक मारली, "ए शांते, हिकडं ये. ऐक ही काय म्हनती. हां, सांग गं पुन्यांदा."

मी पुन्हा सांगितलं. शांताबाईनं पारावरच्यांना बोलावलं, त्यांच्यापुढं मी परत सांगितलं. मग एक मोटरसायकल थांबली. "थांब थांब, ह्याचा ऊस लई राहिला होता, ह्याला सांग," म्हातारी म्हणाली. सांगितलं. तो माणूस म्हणाला, "आता सांगून काय तुरा उतरतो व्हय?" मी म्हटलं, नाही उतरत. तो गेला नाही, मोटरसायकल बंद करून थांबला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी नाही दिल्या. कुणीतरी मला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, आणि नवीन माणूस आला की म्हातारी म्हणायची, "उठ गं, सांग." दर वेळी सांगताना माझं वाक्य लहान होत गेलं. यादी गेली, लूप गेला, जावा, स्काला गेली. शेवटी उरलं ते एवढंच की चूक माझी होती आणि मी गप्प बसले.

तेवढ्यात सोपानराव आबांना घेऊन आले. आबांच्या अंगावर पांढरा सदरा, खांद्यावर घोंगडी, एक हात लेकाच्या खांद्यावर. पारापासून चार पावलांवर थांबले, पुढं येईनात.

"मोठ्यानं सांगा, बाई," सोपानराव म्हणाले. "त्यांना ऐकू येत न्हाई."

मी सांगितलं. आबांनी कानाला हात लावला. "आं?"

मी अजून मोठ्यानं सांगितलं. ते नुसते बघत राहिले. मग मी ओरडले. वर्गातही कधी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. "चूक माझी होती! सोपानरावांनी काही केलं नाही! मी केलं!" हापशाचा दांडा थांबला. समोरच्या घरातून एक बाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

आबा माझ्याकडं बघत होते. ऐकू आलं की नाही ते कळेना, म्हणून मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि पारावरच्या माणसांकडं वळले.

"ऐकलं का रं समद्यांनी?"